तिसरा सिंह

स्टुटगार्टच्या जुन्या राजवाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. तिथे ब्राँझचा एक भलामोठा हंडा ठेवला आहे, पाचशे लिटर मावतील एवढा. त्याच्या काठावर तीन सिंह पहुडलेले आहेत. हंडा ग्रीक कारागिरांनी घडवलेला आणि दोन सिंहही त्यांचेच. तिसरा मात्र त्यांचा नाही. मूळचा तिसरा सिंह कधीतरी गेला आणि त्याच्या जागी इथल्याच कुणा ओतार्‍यानं नवा ओतून बसवला. या ओतार्‍यानं जिवंत सिंह पाहिलेला असणं शक्य नव्हतं. त्याच्यासमोर होते ते दोन परके सिंह. त्यांच्याकडे बघून त्यानं आपला केला. अंगलट वेगळी आली, चेहरा वेगळा आला, आणि तसाच तो काठावर चढला. पुढे इ.स.पू. ५३०च्या सुमाराला हा हंडा मधाची दारू भरून एका सरदाराच्या थडग्यात ठेवला गेला.

इथे पुण्याकडची माणसं पुष्कळ भेटतात. गाड्यांच्या कारखान्यांमुळे ये-जा असतेच, आणि मुंबई-स्टुटगार्ट ही तर १९६८ पासूनची भगिनी-शहरं. मीही अशीच कामानिमित्त आले. माझं काम यंत्रांच्या सुट्या भागांच्या ड्रॉइंगचं, त्यामुळे एखादी वस्तू पाहिली की ती कुणी आणि कशी घडवली असेल, इकडेच आधी मन धावतं. हा तिसरा सिंह पाहिला आणि ज्यांना आपण केल्ट म्हणतो त्या लोकांची कला मला एकदम जवळची वाटू लागली. तेव्हापासून सुट्टीचे दिवस त्यांच्याच मागावर जातात.

केल्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आयर्लंड-स्कॉटलंड उभं राहतं. हिरवी कुरणं, पाईपवाद्यं, दंडावर गोंदवलेल्या गाठींच्या नक्ष्या. पण त्यांच्या कलेच्या सगळ्यात जुन्या खुणा निघाल्या त्या ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंड आणि पूर्व फ्रान्सच्या मातीतून. वर सांगितलेलं थडगं हॉखडॉर्फ या गावाशेजारचं. १९७८-७९ मध्ये यॉर्ग बील यांनी ते उकरलं, आणि नशीब असं की चोरांचा हात तिथवर पोचलेला नव्हता. आत चाळिशीचा, चांगला सहा फुटी माणूस. ज्या ब्राँझच्या बाकावर त्याला निजवलं होतं, तो बाक आठ छोट्या ब्राँझच्या बायकांनी डोक्यावर तोलून धरलेला, आणि प्रत्येकीच्या पायाखाली चाक. डोक्याला भूर्जाच्या सालीची टोपी. भिंतीवर प्यायची शिंगं, शेजारी चारचाकी रथ, आणि मासे धरायचे गळसुद्धा. बुटांवर सोन्याच्या पट्ट्या आहेत, पण उजव्या पायाच्या डाव्याला आणि डाव्याच्या उजव्याला लागल्या आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरातली गडबड, प्रेताभोवतीची धावपळ, ‘आटपा लवकर’ म्हणणारं कुणीतरी, हे सगळं त्या उलट्या पट्ट्यांमधून ऐकू येतं. एवढ्या वैभवातही मला सगळ्यात जास्त हलवून गेल्या त्या या पट्ट्याच.

हे वैभव आलं कुठून? बरंचसं व्यापारातून, आणि त्या व्यापाराचा एक मोठा खांब म्हणजे मीठ. ऑस्ट्रियात हालस्टाट नावाचं गाव तळ्याकाठी डोंगराला चिकटून बसलेलं आहे. आज तिथे पर्यटकांची रीघ असते. त्या डोंगराच्या पोटात कांस्ययुगापासून मिठाची खाण आहे. १८४६ मध्ये खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर यांना तिथे जुनी दफनभूमी सापडली. पुढची सतरा वर्षं या माणसानं नोकरी सांभाळून जवळजवळ हजार थडगी उकरली आणि प्रत्येक थडग्याचं जलरंगातलं चित्र करवून ठेवलं. कुठला सांगाडा कसा पडला होता, कडं कुठल्या हातात होतं, भांडं कुठल्या पायाशी, सगळं रंगात. पुरातत्त्व हे शास्त्र म्हणून नीट उभंही राहिलेलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. खाणीतल्या मिठानं तर लाकूड, कातडं, लोकरीचं कापड अशा एरवी कुजून जाणार्‍या वस्तूही राखल्या. मीठ वाहायच्या कातडी पाठपिशव्या आजही पाठीवर घ्याव्यात इतक्या शाबूत आहेत.

पुन्हा स्टुटगार्टला येते, कारण त्याच संग्रहालयात दुसरी एक वस्तू आहे. क्लाइनआस्पेर्गले इथल्या थडग्यातून १८७९ मध्ये दोन ग्रीक प्याले निघाले. अथेन्सची नाजूक मातीची भांडी, इतक्या लांबच्या प्रवासात किंवा वापरात तडकलेली. कुणा केल्ट सोनारानं ती सांधली आणि सांध्यांवर सोन्याचे पत्रे बसवले. पत्र्यांची नक्षी प्याल्याशी मिळतीजुळती करण्याचा त्यानं जराही प्रयत्न केलेला नाही. ग्रीक चित्र आपल्या जागी, आणि त्यावर हे वळणावळणाचं सोनेरी पान आपल्या तोर्‍यात.

१९२१ मध्ये पाउल याकोब्स्टाल हे मारबुर्गचे प्राध्यापक या प्याल्यांपुढे थबकले. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रकलेचे ते जाणकार. बघायला आले असतील ग्रीक चित्र, पण अडकले त्या सोन्यात. ही कुठली भाषा, हा हात कुणाचा, या प्रश्नानं त्यांना पुढे सोडलंच नाही. ज्यू वंशाचे म्हणून १९३५ मध्ये नाझी राजवटीनं त्यांची नोकरी काढून घेतली आणि ते ऑक्सफर्डला गेले. आधीच्या काळातली केल्ट कला प्रथमच सगळी एकत्र मांडणारा त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये निघाला. ज्या नक्षीत चेहरा आहे म्हणावा तर दिसेनासा होतो आणि नाही म्हणावा तर डोळे वटारून बघतो, त्या नक्षीला त्यांनी ‘चेशायर’ शैली म्हटलं, अ‍ॅलिसच्या गोष्टीतल्या हसू मागे ठेवून गायब होणार्‍या मांजरीवरून.

हे नाव किती नेमकं आहे ते मला कागदावर कंपास घेऊन बसल्यावर कळलं. ग्रीक नक्षीतलं ताडाचं पान घ्या. मधोमध देठ, दोन्ही बाजूंना सारखी पानं. केल्ट कारागीर त्याचं सगळ्यात आधी काय करतो, तर मधला कणा मोडतो. मग अर्धं पान उचलून उलटं लावतो, त्याचं टोक पुढच्या वेलात सोडून देतो, एका कमानीच्या पोटात दुसरी कमान अशी बसवतो की रेषांमधली रिकामी जागाच एक आकार होऊन बसते. सगळं वर्तुळाच्या तुकड्यांतून उभं राहतं, कंपासच्या टोकाच्या खुणाही कुठे कुठे सापडतात, आणि तरीही हाती येतं ते यंत्रासारखं कोरडं नसतं. रेष श्वास घेतल्यासारखी फुगते आणि बारीक होते. डावी बाजू उजवीसारखी आहे असं वाटतं तोवर कुठेतरी एक वळण हळूच चुकवलेलं असतं. रोज सममिती मोजणार्‍या माझ्यासारखीला हे चुकवणं फार सुखाचं वाटतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये बास-यूट्झचे दोन सुरईवजा दारूचे कुंभ आहेत. १९२७ मध्ये पूर्व फ्रान्समध्ये रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना सापडलेले. बांधा इटलीतल्या एट्रुस्कन कुंभांचा, पण पोवळी आणि लाल काच जडवून, मूठ म्हणून लांब अंगाचं कुत्र्यासारखं जनावर लावून त्यांचं रूप पार पालटलं आहे. पोवळं भूमध्य समुद्रातलं. हे सगळं श्रीमंती झालं. पण तोटीच्या टोकाशी एक इवलंसं बदक बसवलं आहे. कुंभ कलला आणि दारू वाहू लागली की ते बदक प्रवाहात पोहू लागतं. दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्यांना प्रत्येक पेल्यागणिक हा खेळ दिसत असणार. इ.स.पू. ४०० च्या आसपास कुणाच्या तरी मनात हे आलं, आणि त्यानं ते केलं. ज्यांना ग्रीक-रोमन लेखकांनी रानटी, दारूबाज, भांडखोर म्हणून रंगवलं त्यांच्यातलाच हा माणूस.

त्यांच्याबद्दलचं लेखी असं जे आहे ते बहुतेक शत्रूंनी लिहिलेलं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांनी रोम लुटलं आणि ती धास्ती रोमनांच्या मनातून पिढ्यान्‌पिढ्या गेली नाही. इ.स.पू. ५२ मध्ये आलेसियाच्या वेढ्यात केल्टांचा पुढारी व्हर्सिन्जेटोरिक्स शरण आला आणि गॉल प्रांत, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, रोमन सेनापती सीझरच्या हाती गेला. सीझरनंच लिहून ठेवलं आहे की ड्रुइड पुरोहितांचं शिक्षण काही वेळा वीस वीस वर्षं चाले आणि ते सगळं तोंडपाठ करायचं असे. व्यवहारासाठी ग्रीक लिपी वापरत, पण विद्या कागदावर उतरवणं त्यांना मंजूर नव्हतं. घनपाठ्यांची परंपरा माहीत असलेल्या आपल्याला यात नवल वाटत नाही. फक्त इथे पाठांतराची साखळी तुटली आणि सगळं बुडालं. उरली ती नक्षी. म्हणून मी ती इतक्या जवळून बघते.

आता त्या वस्तूबद्दल, जिचं चित्र काही भारतीयांनी कधी ना कधी पाहिलं असेल. डेन्मार्कमधल्या गुंडेस्ट्रुप गावाजवळच्या दलदलीत १८९१ मध्ये पीट (जळणासाठीची दलदलीतली माती) कापणार्‍या माणसांना चांदीचे नक्षीदार पत्रे मिळाले, सुटे करून रचून ठेवलेले. जोडल्यावर त्यांचं जवळजवळ नऊ किलोचं पात्र झालं. एका पत्र्यावर शिंगं असलेला पुरुष मांडी घालून बसला आहे. एका हातात गळ्यातलं कडं, दुसर्‍यात मेंढ्याच्या शिंगांचा साप, आजूबाजूला जनावरं. आणखी एका पत्र्यावर देवीच्या दोन बाजूंना दोन हत्ती. आपल्याला पहिल्यात मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा पशुपती दिसतो आणि दुसर्‍यात गजलक्ष्मी. साम्य खरंच मनात भरणारं आहे, युरोपातल्या अभ्यासकांनीही ते बोलून दाखवलं आहे. पण मुद्रा आणि पात्र यांच्यात जवळपास दोन हजार वर्षं आहेत. त्या दोहोंमधल्या काळाचा एकही दुवा हाती नसताना ‘हा आपलाच शिव’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यात आपल्या शिवाचंही काही वाढत नाही आणि त्या शिंगाळ्या देवाचं स्वतःचं असं काही उरत नाही.

शिवाय खरी गोष्ट त्याहून सुरस आहे. बर्‍याच अभ्यासकांच्या मते हे चांदीकाम बाल्कन प्रदेशातल्या थ्रेसियन कारागिरांचं, आणि चित्रांमधली लांब उभी रणशिंगं, गळ्यातली कडी मात्र अस्सल केल्टांची. म्हणजे इथेही दोन हात एका भांड्यावर. आणि हत्ती? केल्टांच्या काही टोळ्या इ.स.पू. २७९ मध्ये ग्रीसवर चालून गेल्या, डेल्फीपर्यंत पोचल्या, आणि त्यांच्यातून आधीच फुटलेल्या टोळ्या पुढच्याच वर्षी समुद्र ओलांडून आजच्या तुर्कस्तानात शिरून तिथेच राहिल्या. तिथे राहिलेल्यांना गॅलेशियन म्हणतात. सिरियाचा राजा पहिला अँटिओकस त्यांच्याशी लढला तेव्हा त्याच्याकडे हत्ती होते. सोळा हत्ती, असं लुशियन हा प्राचीन ग्रीक लेखक सांगतो. ते प्राणी बघून केल्टांचे घोडे उधळले आणि लढाई तिथेच संपली. या अँटिओकसचा बाप सेल्युकस, ज्याला चंद्रगुप्त मौर्यानं तहात पाचशे हत्ती दिले होते. त्या घराण्याच्या सैन्यात हत्ती आले ते आपल्याकडून. मिरिना इथे सापडलेली मातीची एक छोटी मूर्ती पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. तिच्यात हत्ती एका गॅलेशियन योद्ध्याला तुडवतो आहे. भारत आणि केल्ट यांची खात्रीनं सांगता येईल अशी भेट ही, रणांगणावरची. पात्रावरचे हत्ती बघितले तर घडवणार्‍यानं हत्ती स्वतः पाहिला नसावा असं वाटतं. ऐकून आणि दुसर्‍यांची चित्रं बघून त्यानं तो उभा केला असणार.

युरोपच्या भूमीवर रोमनांनी आणि नंतर जर्मन टोळ्यांनी केल्टांच्या भाषा पुसून टाकल्या. टिकल्या त्या पश्चिमेच्या टोकाला, ब्रिटन-आयर्लंडच्या बेटांवर आणि फ्रान्सच्या ब्रिटनीत. गंमत म्हणजे या बेटांवरच्या लोकांना प्राचीन काळी कुणी केल्ट म्हणत नव्हतं. वेल्सच्या एडवर्ड ल्हुइड यांनी १७०७ मध्ये वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश या भाषांचं नातं दाखवून दिलं आणि तेव्हापासून हे नाव बेटांना लागलं. म्हणून काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात की बेटांवरचे केल्ट ही आधुनिक कल्पना आहे. त्यांचा मुद्दा मला समजतो, पण भाषांचं नातं खरं आहे आणि तीनशे वर्षं लोक ते नाव मनापासून वागवत आले आहेत. एवढ्या काळात नाव अंगाचंच होऊन जातं.

असंच गाठींचं. ज्याला सगळं जग केल्टिक नॉट म्हणतं ती एकमेकींत गुंतलेली पट्ट्यांची नक्षी हॉखडॉर्फच्या सरदारानं किंवा व्हर्सिन्जेटोरिक्सनं पाहिलीच नव्हती. ती आली नंतर, ख्रिस्ती मठांबरोबर. भूमध्य समुद्राकडची वेणी, जर्मन टोळ्यांची एकमेकांना चावणारी जनावरं आणि बेटांवरची जुनी चक्राकार वळणं आयरिश जोगड्यांच्या हाताखाली एकत्र आली. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज बेन नावाचे चित्रकला शिक्षक होते. त्यांनी या गाठी सोडवून मुलांना शिकवल्या आणि १९५१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांची रीत बघितल्यावर मला आमच्या अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण झाली. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसा घालत जाणारी रेष, आणि शेवटी सुरुवातीला येऊन मिळाली तरच ती जमली. फरक असा की इथे रेष एकदा वरून, एकदा खालून जाते, आणि हा क्रम कुठेच चुकून चालत नाही.

या कलेचा कळस म्हणजे केल्सचा ग्रंथ, इ.स. ८०० च्या सुमाराचा, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेला. शुभवर्तमानांची ही पोथी दीडशेहून जास्त वासरांच्या कातड्यांवर लिहिली आहे. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठावर ८०६ मध्ये व्हायकिंगांनी धाड घातली, अडुसष्ट माणसं मारली, आणि उरलेले आयर्लंडमधल्या केल्सला आले, बहुधा हा ग्रंथ घेऊन. १००७ मध्ये तिथूनही ग्रंथ चोरीला गेला. दोन महिने वीस रात्रींनी सापडला तेव्हा वरचं सोनं ओरबाडलेलं होतं आणि ग्रंथ गवताच्या ढेपेखाली पुरलेला. त्यातलं ख्रिस्ताच्या नावाचं पान जगप्रसिद्ध आहे. तीन ग्रीक अक्षरांनी सबंध पान व्यापलेलं, चक्रांत चक्रं, त्यात आणखी चक्रं. पण अक्षराच्या पायथ्याशी बघा. दोन मांजरी बसल्या आहेत, त्यांच्या पाठीवर उंदीर चढले आहेत, आणि समोर आणखी दोन उंदीर प्रसादाची पांढरी चकती ओढत आहेत. जरा पलीकडे एका पाणमांजरानं मासा धरला आहे. परमेश्वराचं नाव लिहिताना त्या मठातल्या कोठारातले उंदीरही त्या माणसाला वगळावेसे वाटले नाहीत. हे मला फार मोठ्या मनाचं वाटतं.

वेल्समध्ये दरवर्षी ऑगस्टमध्ये आइस्टेडफॉड हा कविता-संगीताचा मेळा भरतो, सगळा वेल्शमधून. तिथे कवीला खुर्चीचा मान देतात. समारंभात झगे घातलेले ड्रुइड असतात. हे विधी अतिप्राचीन असल्याचं आयोलो मॉर्गनूग यांनी सांगितलं होतं, पण त्यांनीच ते १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर नव्यानं रचले होते. खोटं ठरून कित्येक वर्षं झाली, विधी चालू आहेत, लोकांचे डोळे आजही भरून येतात. १९१७ चा मेळा बर्कनहेडला झाला. विजेत्या कवीचं टोपणनाव पुकारलं, कुणी उठलं नाही. तो मेंढपाळ, हेड विन, पाच आठवड्यांपूर्वीच, ३१ जुलैला, बेल्जियमच्या आघाडीवर पडला होता. खुर्चीवर काळं कापड घातलं आणि ती तशीच ट्रॉस्व्हुनिझला त्याच्या आईवडिलांच्या घरी गेली. आजही ती त्या घरात आहे. तिच्यावर केल्टिक गाठी कोरल्या आहेत, आणि त्या कोरणारा होता ऑइगेन फानफ्लेटरेन, युद्धामुळे घरदार सोडून आलेला बेल्जियमचा निर्वासित. ज्या देशात कवी मेला त्या देशातून पळून आलेल्याच्या हातची ती खुर्ची.

याकोब्स्टालही निर्वासितच. १९४० मध्ये इंग्लंडनं शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांच्यासारख्या हजारोंना डांबलं. त्यांना ठेवलं आइल ऑफ मॅन या बेटावरच्या छावणीत. त्याच वेळी त्या बेटाच्या दक्षिण टोकाला नेड मॅड्रेल नावाचे कोळी राहत होते. मॅन्क्स ही तिथली केल्टिक भाषा लहानपणी घरात शिकलेल्या मोजक्या म्हातार्‍यांपैकी एक. १९४८ मध्ये आयर्लंडच्या लोककथा मंडळानं माणूस पाठवून या म्हातार्‍यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. बेटावरचे काही तरुणही त्यांच्याकडे जाऊन बसत, ऐकत, बोलत, ध्वनिमुद्रणं करत. १९७४ मध्ये मॅड्रेल वारले आणि घरात जन्मजात मॅन्क्स बोलणारं कुणी राहिलं नाही.

पण ते तरुण बोलत राहिले. आपल्या मुलांशी बोलले. २००१ मध्ये सगळे विषय मॅन्क्समधून शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. ही खरी मॅन्क्स नव्हे, उच्चारात इंग्रजी येतं, पुस्तकातून शिकलेली आहे, असं म्हणणारे आहेतच. मला तो आक्षेप टिकाऊ वाटत नाही. तबकडीवरून, कोशातून, शेजारच्या आयरिशवरून उचलून का होईना, पोरं त्या भाषेत भांडतात, हिशेब करतात, खोड्या काढतात.

२००९ मध्ये युनेस्कोनं धोक्यातल्या भाषांच्या नकाशात मॅन्क्स ‘नामशेष’ म्हणून नोंदवली. तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी युनेस्कोला पत्रं लिहिली, मॅन्क्समध्ये. आमची भाषा जर मेली आहे, तर हे पत्र आम्ही कुठल्या भाषेत लिहितो आहोत, असं त्यांनी विचारलं. युनेस्कोला नोंद बदलावी लागली. २०११ च्या जनगणनेत बेटावरच्या अठराशेहून जास्त लोकांनी आपल्याला मॅन्क्स येते असं सांगितलं.